डावीकडचे शून्य

तिसरीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवीत आलो आहे. फळ्यावर सात लिहावयाचा, त्याच्या उजवीकडे एक शून्य द्यावयाचे आणि विचारावयाचे, "किती झाले?" मुले एका सुरात ओरडतात, "सत्तर!" मग ते शून्य पुसून डावीकडे द्यावयाचे. "आणि आता?" वर्ग क्षणभर गोंधळतो, आणि मागच्या रांगेतली एखादी धीट मुलगी म्हणते, "सातच, गुरुजी." "शाबास," असे म्हणून मी हात झटकतो, "डावीकडच्या शून्याला काही किंमत नसते."

हे वाक्य मी वीस वर्षे बिनदिक्कत उच्चारले. २०२३ सालच्या फेब्रुवारीत एका आजींनी मला ते गिळावयास लावले. त्या आजी आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांनी मला शून्य शिकविले नाही. त्यांनी माझी एक चूक माझ्या हातात आणून ठेवली, एवढेच. त्या चुकीचे मूळ शोधता शोधता मी अमेरिकेच्या १८९० सालच्या शिरगणतीपर्यंत जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

आमच्या शाळेत १९५१ पासूनचे एक जुने दाखल-खारीज रजिस्टर आहे. ज्यांनी असले रजिस्टर पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल, की ते उघडले म्हणजे एकच नोंद दोन पानांवर पसरलेली असते. डाव्या पानावर दाखल क्रमांक, मुलाचे नाव, वडिलांचे नाव. उजव्या पानावर जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख. एका उघडणीत वीस मुले. वाळवी आणि पावसाळा यांच्या तोंडून हे धन सोडवावे म्हणून आम्ही २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत ते संगणकावर उतरविण्याचे ठरविले. डावी पाने आमच्या शाळेतल्या एका बाईंनी टंकली, उजवी मी. दर पानाची एक फाइल. बाई पहिल्यापासून शिस्तीच्या. त्यांनी फाइलींना क्रमांक दिले ते ००१, ००२, ००३ असे. मी माझ्या स्वभावाला अनुसरून १, २, ३ असे दिले. डावीकडच्या शून्यांना किंमत नाही हे मला ठाऊकच होते! दोघांच्याही फाइली एकशे बारा भरल्या.

दिवाळीला गावी आलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे, आपल्या लॅपटॉपवर पाचसहा ओळी लिहिल्या आणि म्हणाला, "गुरुजी, झाले." सगळी डावी पाने एकाखाली एक आली, सगळी उजवी पाने एकाखाली एक आली आणि दोन्ही रांगा शेजारी शेजारी चिकटून दोन हजार दोनशे चाळीस नोंदींचा एक सुबक तक्ता तयार झाला. मी पहिले पान मुळाशी ताडून पाहिले. अक्षर न् अक्षर बरोबर होते. मी त्याला चहा पाजला आणि मूळ रजिस्टर कपाटात बंद केले.

त्यानंतर तीन महिन्यांत मी त्या तक्त्यावरून नऊ जणांना जन्मतारखेचे उतारे दिले. नववा उतारा त्या आजींचा. पंचाहत्तरी पुरी केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत ही सवलत २०२२ साली सुरू झाली होती, आणि त्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख कोणीतरी अंदाजाने घातलेली होती. उतारा घेऊन त्या गेल्या, आणि चौथ्या दिवशी परत आल्या.

"गुरुजी, तुम्ही मला एका वर्षाने म्हातारी केलीत हो," त्या म्हणाल्या. "माझी आई सांगायची, गांधीजी गेले त्या सालच्या आखाडात मी झाले. आणि यात तर सत्तेचाळीस साल लिहिलंय."

मी म्हणालो, "आजी, सत्तेचाळीस असले तर तुमचाच फायदा. आजपासूनच फुकट प्रवास."

"तो हक्काचा होईल तेव्हा करीन," आजी म्हणाल्या. "पण ही तारीख कुणाची आहे ते आधी बघा. ज्या पोरीची असंल, तिला काय देणार तुम्ही?"

कपाट उघडले. आजींचे नाव सतराव्या पानावर होते. मूळ रजिस्टरात त्यांच्या नावासमोर १९४८ सालचा जुलै होता. तक्त्यात त्यांच्या नावासमोर आली होती बाराव्या पानावरच्या कुणा दुसऱ्याच मुलीची तारीख. मग अठरावे पान पाहिले, तर तेथे तेरावे. दुसरे पान पाहिले, तर तेथे दहावे! तिसऱ्यासमोर तर शंभरावे. म्हणजे १९५१ साली शाळेत आलेल्या मुलांच्या नावांपुढे साठ सालानंतर जन्मलेल्यांच्या तारखा. एकशे बारांपैकी एकटे पहिले पान जाग्यावर होते, आणि मी नेमके तेवढेच तपासले होते.

आता ही गंमत कशी झाली? शब्दकोश उघडून पाहा. 'कप'नंतर 'कपाट' येते आणि त्यानंतर केव्हातरी 'कळ' येते. 'कळ' दोन अक्षरी आणि 'कपाट' तीन अक्षरी म्हणून 'कळ'ला आधी बसवा, असे कोणी म्हणत नाही. पहिले अक्षर सारखे असेल तर दुसरे पाहावयाचे, हाच कोशाचा नियम. यंत्राने माझ्या फाइलींची नावे नेमकी याच नियमाने लावली. त्याच्या लेखी १० ही संख्या नव्हतीच. तो १ आणि ० या दोन अक्षरांचा शब्द होता, आणि कोशात तो २ च्या आधी येतो. तेव्हा माझी पाने लागली ती अशी: १, १०, १००, १०१, १०२… १०९, ११, ११०, १११, ११२, १२, १३. मोजून पाहा, बारा सतराव्या जागी येतो. बाईंची पाने मात्र ००१, ००२ अशी असल्यामुळे कोशाच्या नियमानेही सरळच लागली. दोन्ही रांगांची लांबी सारखी, त्यामुळे यंत्राला तक्रार करावयास जागा नव्हती.

गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. चूक कोणाची एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. ती कोणत्या घराण्यातून आली हे त्याला हवे असते. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण मे महिन्याची सुट्टी, तो विद्यार्थी आणि एक जाडजूड कोश यांच्या बळावर मी या घराण्याची वंशावळ जमविली.

तिचा मूळपुरुष म्हणजे हर्मन हॉलरिथ. अमेरिकेची १८८० सालची शिरगणती हाताने करता करता सातआठ वर्षे लोटली होती. १८९० साली सव्वासहा कोटींच्या वर माणसे मोजावयाची होती. हॉलरिथने दर माणसामागे एक जाड कागदाचा पत्ता केला, त्यावर ठरावीक जागी भोके पाडली आणि ती भोके विजेच्या यंत्राने मोजली. पुढे १९२८ साली आयबीएम कंपनीने या पत्त्यावर ऐंशी उभे रकाने आखले. एका रकान्यात एकच आकडा वा अक्षर. पुढील चाळीसएक वर्षे जगाचे हिशेब या ऐंशी रकान्यांत राहत होते.

पत्त्यांचे दुःख एकच. ते हातातून पडतात. हजार पत्त्यांचा गठ्ठा जिन्यावरून सांडला, तर तो पुन्हा लावावयाचा कसा? म्हणून पत्त्याच्या कडेला अनुक्रमांक पाडण्याची चाल पडली. १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या संगणकासाठी फोरट्रान ही भाषा निघाली, तेव्हा यंत्र पहिले बहात्तर रकानेच वाचीत असे. उरलेले आठ, म्हणजे त्र्याहत्तर ते ऐंशी, मोकळेच होते. लोकांनी त्यांत अनुक्रमांक घातले. जाणते लोक ते दहादहांच्या अंतराने देत, म्हणजे मध्ये एखादा पत्ता घालावयाचा झाला तर जागा असावी. शिवाय गठ्ठ्याच्या कडेवर तिरपी रेघ ओढून ठेवीत. एखादा पत्ता जागा चुकला की रेघ तुटलेली दिसे.

सांडलेला गठ्ठा लावणारे यंत्रही होते. आयबीएमचे त्र्याऐंशी क्रमांकाचे यंत्र मिनिटाला हजार पत्ते वेगळे करी. एका फेरीत ते एकच रकाना पाही; आधी एकंचा, मग दहंचा, मग शतंचा. तिसरी फेरी संपली की पत्ते ओळीत! ही युक्ती चालावयाची तर एक अट होती. प्रत्येक पत्त्यावर एकंचा आकडा एकंच्याच रकान्यात हवा. सात लिहावयाचे तर त्याच्या डावीकडचे दोन रकाने सोडून किंवा त्यांत शून्ये पाडूनच लिहावे लागे. म्हणजे डावीकडची जागा राखणे ही त्या काळी कोणाची हौस नव्हती. कागदच ती राखून ठेवीत असे. आमच्या बाई न कळत या पत्त्यांच्या काळात वावरत होत्या.

मी मात्र पुढच्या काळातला निघालो, आणि तो काळ सुरू होतो १९६९ साली, न्यूजर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत. बेलने मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य योजनेतून त्याच साली अंग काढून घेतले होते, आणि तीत राबलेले केन थॉम्प्सन, डेनिस रिची हे तरुण हात चोळीत बसले होते. एका कोपऱ्यात पीडीपी-७ हे लहानसे जुने यंत्र पडले होते. थॉम्प्सनची पत्नी लहान मुलाला घेऊन काही आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियास गेली. घरात एकटा राहिलेला नवरा काय करील याची आपल्याकडे नाना उत्तरे आहेत. थॉम्प्सनने एकेका कामाला एकेक आठवडा देऊन यंत्राची नवी राज्यव्यवस्था लिहून काढली. तिचेच नाव पुढे युनिक्स पडले. १९७१ च्या नोव्हेंबरात तिची पहिली माहितीपुस्तिका निघाली.

या व्यवस्थेत माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जो दुभाषा बसतो त्याचे नाव शेल, म्हणजे कवच. हा शब्द थॉम्प्सनचा नव्हे. लुई पूझँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेत मल्टिक्सच्या आखणीत तो दिला. आज्ञांची यादी एका फाइलीत लिहून ठेवावी आणि यंत्राने ती ओळीने पार पाडावी, ही कल्पनाही त्याचीच. बाहेर जाताना आई स्वयंपाकघरात चिठ्ठी ठेवते. डाळ भिजत घाल, दूध उतू जाऊ देऊ नकोस, दार लावून घे. शेलसाठी ठेवलेली अशी चिठ्ठी म्हणजे शेल-स्क्रिप्ट. आमच्या विद्यार्थ्याच्या पाचसहा ओळी म्हणजे अशीच चिठ्ठी. आईच्या चिठ्ठीतले न लिहिलेले मुलांना समजते. शेलला समजत नाही.

थॉम्प्सनने चिठ्ठीत एक सोय केली. शंभर फाइलींची नावे लिहीत बसण्याऐवजी एक तारा काढावा. शेलने 'येथे काहीही चालेल' असे समजून जुळणारी सारी नावे स्वतः भरावी. हे काम 'ग्लोब' नावाचा एक छोटा कार्यक्रम करीत असे. फाइलींची नोंद यंत्रात जशी जागा मिळेल तशी पडलेली असते, म्हणून ग्लोब ती नावे वर्णानुक्रमे लावून देई. हा वर्णानुक्रम ठरतो अक्षरांना दिलेल्या क्रमांकांवरून. अमेरिकेत १९६३ साली अक्षरांची एक प्रमाण संहिता ठरली, आस्की तिचे नाव. तीत ० ला अठ्ठेचाळीस आणि ९ ला सत्तावन्न असे क्रमांक मिळाले. नावात आलेला आकडा हा तेथे 'अ' किंवा 'ब' सारखाच एक वर्ण. ग्लोबने त्याला वर्ण मानले यात ग्लोबचा काय दोष? रकान्यांचा कागद गेला, नाव वाटेल तेवढे लहानमोठे ठेवण्याची मोकळीक आली, आणि राखलेल्या जागेची आठवण बुजली. माझी चूक जन्माला आली ती या मोकळिकीत.

जुन्या लोकांना ही खोच ठाऊक होती. ताऱ्याशेजारी प्रश्नचिन्हही होते. त्याचा अर्थ, येथे एकच अक्षर. तेव्हा आधी एक प्रश्नचिन्ह लिहावे, मग दोन, मग तीन; म्हणजे एक आकडी, दोन आकडी, तीन आकडी पाने आपोआप क्रमाने येतात. शून्याशिवाय भागविण्याची ही युक्ती विद्यार्थ्याने मला दाखविली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली आणि तिच्याबरोबर स्टीव्हन बोर्न याचा नवा शेल आला. हा गृहस्थ केंब्रिजहून बेलमध्ये आलेला, आणि अल्गोल-६८ या भाषेचा भक्त. त्या भाषेत 'इफ'ने उघडलेले वाक्य 'फाय'ने मिटते आणि 'केस'ने उघडलेले 'एसॅक'ने. म्हणजे तेच शब्द उलटे लिहून. बोर्नने ही रीत शेलमध्ये आणली. तिच्याप्रमाणे 'डू'ने उघडलेले 'ऑड'ने मिटावयास हवे होते. पण ते नाव युनिक्समध्ये आधीच एका आज्ञेने अडविलेले होते. ही आज्ञा यंत्राच्या पोटातील मजकूर अष्टमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य ते सात हे आकडे वापरून, दाखवीत असे. म्हणून बोर्नला 'डन' लिहावे लागले, आणि आजही जगातील शेल-स्क्रिप्टे 'डन' म्हणूनच आवर्तन संपवितात. हे अष्टमान ध्यानात असू द्या; ते पुन्हा भेटणार आहे.

बोर्नच्या शेलमध्ये 'या यादीतील प्रत्येकासाठी हे करा' असे म्हणता येई, पण शेलला स्वतःला बेरीज येत नव्हती! एकाचे दोन करावयाचे तर 'एक्स्प्र' नावाच्या शेजाऱ्याला हाक मारावी लागे. १९८३ साली डेव्हिड कॉर्नच्या शेलने गणित अंगी बाणविले. आठव्या आवृत्तीत 'सीक' ही आज्ञा आली. तिला 'एक ते एकशे बारा' म्हटले की ती आकडे ओळीने म्हणून दाखवी. पुढे तिला सारे आकडे एका रुंदीचे करून डावीकडे शून्ये भरण्याचीही सोय झाली. १९८९ साली ब्रायन फॉक्सचा बॅश शेल निघाला. २००४ साली महिरपी कंसात दोन टिंबे देऊन १ ते ११२ असे लिहिण्याची सोय त्यात झाली, आणि २००९ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ००१ ते ११२ असे लिहिले, तर तो शून्ये राखू लागला. हॉलरिथच्या पत्त्यावर आपोआप राखली जाणारी जागा पुन्हा मिळावयास एवढी वर्षे लागली.

इतके समजल्यावर दुरुस्ती सोपी होती. माझ्या सर्व फाइलींना डावीकडे शून्ये द्यावयाची आणि तक्ता नव्याने जुळवावयाचा. मे महिन्यात विद्यार्थी गावी आला तेव्हा हे काम दहा मिनिटांत झाले. पण मी आता पोळलेला माणूस. म्हटले, या खेपेस प्रत्येक पान मुळाशी ताडावयाचे. बाई वाचीत गेल्या, मी रजिस्टरात बोट ठेवीत गेलो. पंचेचाळिसाव्या पानाअखेर दाखल क्रमांक ९०० आला आणि पुढच्या पानावर एकदम ९२१! मधली वीस मुले गेली कोठे? दोन पाने ओलीने एकमेकांना चिकटली होती. हलक्या हाताने, वाफेवर धरून ती सोडविली, तेव्हा आत सत्तर वर्षांची नसली तरी साठएक वर्षांची वीस मुले निवांत झोपलेली सापडली. कोणी त्यांच्यासाठी आले असते, तर 'नोंद नाही' असे मी बेलाशक सांगितले असते.

आता त्या पानाला शेहेचाळीस हा क्रमांक हवा, आणि जुन्या शेहेचाळिसापासून एकशे बारापर्यंत प्रत्येकाने एक घर पुढे सरकावयास हवे. "गुरुजी, कुठून सुरू करू?" विद्यार्थ्याने विचारले. माझी परीक्षाच घेत होता लेकाचा. युनिक्समध्ये फाइलीचे नाव बदलणारी 'एमव्ही' नावाची आज्ञा आहे. नव्या नावाची फाइल आधीच असेल, तर ही आज्ञा मुकाट्याने तिच्यावर जाऊन बसते आणि जुनी नाहीशी होते. शेहेचाळिसाला सत्तेचाळीस म्हटले की मूळचे सत्तेचाळीस गेले. मग त्या सत्तेचाळिसाला अठ्ठेचाळीस म्हटले की मूळचे अठ्ठेचाळीस गेले. असे करीत शेवटास पोहोचल्यावर सदुसष्ट पानांपैकी एकच उरते, आणि तेही एकशे तेरा या नावाने!

पण वर्गात बाकावर नवा मुलगा बसवावयाचा असला तर काय करावे हे कोणाही शिक्षकाला ठाऊक असते. पहिल्याला 'सरक' म्हटले तर तो दुसऱ्याच्या मांडीवर जातो. टोकाच्या मुलाला आधी सरकवावे. मग त्याच्या शेजारचा सरकतो. "एकशे बारापासून," मी म्हणालो. जुन्या बर्कली आणि सन यंत्रांवर रोजनिशीच्या फाइली बदलणारी जी स्क्रिप्टे होती, ती हाच शिरस्ता पाळीत. आधी दोनचा तीन, मग एकचा दोन, मग शून्याचा एक, आणि शेवटी चालू वहीला शून्य.

त्याने साऱ्या फाइलींची एक नक्कल काढून ठेवली आणि चिठ्ठी चालू केली. एकशे बारा, एकशे अकरा, शंभरपर्यंत सारे सुरळीत गेले, आणि ०९९ वर यंत्र अडून बसले. म्हणे हा आकडा या पद्धतीत बसत नाही! मी चकित. नव्याण्णवात एक मिळविणे तिसरीच्या मुलालाही जमते.

तेथे तो अष्टमानाचा जुना ऋणानुबंध भेटला. थॉम्प्सनच्या पीडीपी-७ मध्ये एक शब्द अठरा बिटांचा; तीन तीन बिटांचे गट केले की त्याचे बरोबर सहा अष्टमान आकडे होतात. त्यामुळे त्या मंडळींना अष्टमान अंगवळणी पडलेले. त्यांच्या बी आणि सी या भाषांत ठरले, की आकड्याच्या डावीकडे शून्य असले तर तो अष्टमानातला समजावा. पुढे शेलने गणित शिकताना ही रीतही उचलली. अष्टमानात नऊ हा आकडाच नाही, मग ०९९ कोठून येणार? यंत्र अडले हे आमचे दैव. अडले नसते तर ०४६ ला त्याने अडतीस मानले असते आणि पुढचे पान एकोणचाळीस म्हणून ठेवले असते, तेही एका शब्दाने न बोलता. उपाय लहानच आहे. आकड्याआधी 'हा दहाच्या पायावरचा आहे' अशी खूण लिहावयाची. खूण लिहिली आणि उरलेली पाने आपापल्या घरी गेली.

म्हणजे एकाच शून्याचे दोन चेहरे. क्रम लावताना तेच शून्य तारते, बेरीज करताना तेच बुडविते. आणि यंत्राला कोणत्या वेळी काय हवे, हे सांगण्याचे काम सर्वस्वी आपले.

जाता जाता आपल्या मराठी आकड्यांचे सांगतो. प्रथम मी फाइलींना क्रमांक देवनागरीत दिले होते. विद्यार्थ्याने ते बदलावयास लावले. युनिकोडमध्ये आपल्या १, २, ३ ना स्वतंत्र जागा आहे. क्रम लावताना तेही सुखाने ओळीत बसतात. अर्थात येथेही १० हा २ च्या आधीच! परंतु शेलला त्यांची बेरीज सांगितली तर तो त्यांना आकडे म्हणून ओळखतच नाही. त्याच्या लेखी ती केवळ अक्षरे.

जून उजाडला तेव्हा एकशे तेरा पाने, दोन हजार दोनशे साठ मुले, प्रत्येकजण आपापल्या जन्मतारखेसमोर उभा होता. मग राहिले ते नऊ उतारे. आठ जणांच्या घरी मी स्वतः गेलो. एकाने तो अजून वापरलाच नव्हता, देव्हाऱ्यात ठेवला होता. दोघांचे अर्ज तालुक्याला जाऊन पडले होते. त्यांच्याबरोबर मी तालुक्याला दोन खेपा घातल्या. एका गृहस्थाने मला दारातच पुष्कळ सुनावले, आणि ते मी ऐकून घेतले, कारण त्याचे खरे होते. यंत्राने चूक केली असे मी कोणालाही सांगितले नाही. यंत्राने जे सांगितले तेच केले होते. मी मूळ पान न उघडता सही केली होती.

नवव्या त्या आजी. त्यांना नवा उतारा नेऊन दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला, १९४८ वर बोट ठेवले आणि पदराच्या टोकात बांधला. जुलैत त्यांना पंचाहत्तर पुरी झाली. त्यानंतर एकदा बाजाराच्या दिवशी त्या मला एस.टी.त भेटल्या, खिडकीची जागा पकडून बसल्या होत्या. कंडक्टर जवळ येताच त्यांनी कार्ड पुढे केले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, आता हक्काचं." आणि मग हळूच विचारले, "ती पोरगी सापडली का हो? सत्तेचाळीसवाली?"

सापडली होती. बाराव्या पानावर, आपल्या नावासमोर. तिच्यासाठी अद्याप कोणी उतारा मागावयास आलेले नाही. पण कोणी आले, तर तिची तारीख तिला मिळेल.

आपल्या मराठीत दप्तर म्हणजे सरकारी कागदांचा साठाही आणि मुलांच्या पाठीवरचे ओझेही. या जूनपासून मी तिसरीच्या वर्गात ते जुने वाक्य थोडे बदलले आहे. फळ्यावर सात लिहितो, डावीकडे शून्य देतो. मुले म्हणतात, "सातच, गुरुजी." मी म्हणतो, "हिशेबात सातच. पण ते तेथे कोणाची तरी जागा राखून आहे; पुसण्याआधी कोणाची ते विचारावे."